ट्रॅप संगीत: एकसारखं वाटतं म्हणजे ती नक्कलच असते का?

लयवेडी (धागाकर्ती)

ट्रॅप (अमेरिकेच्या दक्षिणेतली रॅपची एक शैली) ऐकणाऱ्यांना एक वाक्य सतत ऐकून घ्यावं लागतं: "सगळी गाणी एकाच साच्यातली वाटतात." ते झटकून टाकावं असं मला वाटत नाही, त्यात तथ्य आहे. पोटात घुमणारा तोच ८०८ (ड्रम मशीनचा खोल ठोका), तीच चुरचुरत धावणारी हाय-हॅट (जोडझांज), तिसऱ्या मात्रेवर कोसळणारा तोच स्नेअर ड्रम आणि वर मायनर स्केलमधली चार-आठ सुरांची गोल फिरणारी धून. पण इतकं सारखं आहे म्हणजे चोरीच, या निष्कर्षाला लोक फार झटकन पोचतात, आणि माझा आक्षेप तिथे आहे. कोणी कोणाचं काय घेतलं, घेतलेल्याचं पुढे काय केलं आणि पैसे कोणाच्या खिशात गेले, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. चर्चेत मात्र ते नेहमी एकमेकांत अडकलेले असतात.

यंत्रापासून सुरू करते. रोलंडने टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली काढलं आणि १९८३ मध्ये बंद केलं. सुमारे १२,००० नग तयार झाले. खऱ्या ड्रमसेटची नक्कल म्हणून ते साफ फसलं होतं. त्याची हाय-हॅट सहा ऑसिलेटर (विजेवर सूर काढणारी मंडलं) एकत्र वाजवून तयार होते, धातूच्या झांजेशी तिचं नातं लांबचंच. बास ड्रमही खऱ्या ड्रमसारखा वाजत नव्हता. मग हे यंत्र जुन्या बाजारात कमी किमतीत मिळायला लागलं आणि ज्यांच्याकडे स्टुडिओ, वादक, पैसा यातलं काही नव्हतं त्यांच्या हाती पडलं. मूळ यंत्रावर बास ड्रमचा नाद किती लांबवायचा याची कळ होती, सूर चढवायची-उतरवायची नव्हती. पुढच्या लोकांनी तो ठोका सॅम्पलरवर (आवाज साठवून हव्या त्या सुरात वाजवणारं यंत्र) घेतला आणि सुरात वाजवला. ड्रमचा बास झाला. ट्रॅपचा पाया हाच, आणि नकलेतून नवं कसं निघतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये थ्री सिक्स माफिया हा रॅप गट १९९० च्या दशकात अंधाऱ्या, भीती घालणाऱ्या धुनी आणि ८०८ यांची मोट बांधत होते, त्यांचा 'मिस्टिक स्टाइल्झ' हा अल्बम १९९५ चा. अटलांटात रॅपर टी. आय.चा 'ट्रॅप म्युझिक' हा अल्बम २००३ मध्ये आला आणि या शैलीला नाव मिळालं. ट्रॅप म्हणजे तिथल्या बोलीत अमली पदार्थ विकायचा अड्डा, गाण्यांचा विषयही तोच. २००५ मध्ये जीझी आणि गुची मेन या तिथल्याच रॅपरचे अल्बम आले. ट्रॅपचा जनक कोण यावर टी. आय. आणि गुची यांचे दावे आजही सुरू आहेत. टी. आय.ने २०१८ मध्ये अटलांटात ट्रॅपचं संग्रहालयच उघडलं. मला त्या वादात रस नाही, कारण दोघांच्याही मागे मेम्फिस उभं आहे.

माझं म्हणणं असं. ८०८, हाय-हॅटचे रोल, तिसऱ्या मात्रेवरचा स्नेअर ही सामाईक मालमत्ता आहे. तिथे मौलिकता शोधायला गेलं की निराशाच पदरी पडणार. शोधायची तर दोन जागी: गाणाऱ्याच्या आवाजात, आणि निर्मात्याने (गाण्यामागची बीट, म्हणजे वाद्यसंगीत, बनवणाऱ्याने) काय *वगळलं* यात.

दुसऱ्याचं उदाहरण देते. निर्माता लेक्स लुगर हा व्हर्जिनियातल्या सफोकचा मुलगा, म्हणजे अटलांटाचाही नव्हे. २०१० मध्ये, जेमतेम १९ वर्षांचा असताना, त्याने रॅपर वाका फ्लॉका फ्लेमसाठी 'हार्ड इन द पेंट' आणि रिक रॉससाठी 'बी. एम. एफ.' केलं. चढत जाणारे सिंथचे पितळी सूर, व्हायोलिनसारखे तुटक फटकारे, श्वास घ्यायला जागाच नाही. त्याच काळात झेटोव्हेन हा दुसरा निर्माता गुची मेनसाठी ज्या बीट करत होता त्यात पियानो आणि ऑर्गनच्या मोकळ्या, हाताने वाजवलेल्या हरकती आहेत. हा माणूस चर्चमध्ये वाजवत आलेला आहे आणि ते त्याच्या डाव्या हातात ऐकू येतं. ड्रम दोघांचे जवळपास सारखे, गाणी मात्र वेगळ्या जगातली. "सगळं सारखंच" म्हणणाऱ्यांनी या दोघांना लागोपाठ ऐकावं.

पण मग २०११ उजाडेपर्यंत लुगरसारखं वाजवणाऱ्यांची रांग लागली, आणि त्या रांगेबद्दल माझं मत वाईट आहे. त्यांनी त्याची घाई घेतली, पण कुठे थांबायचं याची त्याची जाण घेतली नाही. तुमचं काय म्हणणं?

साधा_श्रोता

लेख आवडला, पण मला तो ट्रॅपच्या प्रेमात जरा जास्तच वाटला.

सामाईक मालमत्ता हे ठीक. ब्लूजलाही बारा बारचा सांगाडा सामाईक होता. पण ब्लूजमध्ये "अमक्यासारखं गाणं, तीस डॉलर" असा फलक लावून कोणी बसत नव्हतं. यूट्यूबवर 'फ्यूचर टाइप बीट', 'मेट्रो बूमिन टाइप बीट' असं शोधा (फ्यूचर रॅपर, मेट्रो बूमिन निर्माता), निकाल संपत नाहीत. तिथे नक्कल हीच विक्रीची पाटी आहे. ज्या कलेत दुसऱ्याच्या नावानेच माल विकला जातो तिथे मौलिकतेची चर्चा कुठून सुरू करायची?

खर्ज

मी बीट बनवतो, विकतोही, म्हणून टाइप बीटवर लिहितो.

आधी बीट कशी तयार होते ते. एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर (बेल्जियममधल्या इमेज-लाइन कंपनीचं, १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स नावाने निघालेलं) उघडलं की समोर सोळा चौकटींची ओळ येते. हाय-हॅटच्या ओळीत एक आड एक चौकट भरायची, माऊसच्या एका क्लिकवर हे होतं. स्नेअर नवव्या चौकटीवर. टेम्पो १४० ठेवला तरी स्नेअर इतका उशिरा येतो की अंगाला ७० चा वेग जाणवतो, आणि हाय-हॅट मात्र दुप्पट-चौपट धावत असते. ट्रॅपमधला सगळा ताण या दोन वेगांमधला आहे. इथपर्यंत दोन मिनिटं लागतात, आणि इथपर्यंत जगातल्या सगळ्यांची बीट सारखीच असते.

खरं काम त्यानंतरचं. पियानो रोल (प्रत्येक सूर-ठोका हाताने मांडायची खिडकी) उघडून हाय-हॅटचा एखादाच ठोका बत्तिसाव्यात फोडायचा की तिप्पट करायचा, आणि तो स्नेअरच्या *आधी* ठेवायचा की नंतर. ८०८ ची नोट पुढच्या सुरावर घसरवायची की तोडायची. किकच्या खाली ८०८ ठेवायचा की किक काढून टाकून नुसत्या ८०८ वर भिस्त ठेवायची. मी एका बीटवर बसतो तेव्हा बहुतेक वेळ काढून टाकण्यात जातो, भरण्यात नाही. धागाकर्तीने "काय वगळलं" म्हटलंय ते म्हणून पटलं.

आणि आवाज तरी कुठे प्रत्येकाचे स्वतःचे असतात? डीजे स्पिन्झच्या नावाने ओळखला जाणारा एक ८०८ चा सॅम्पल आहे, तो इतक्या हिट गाण्यांत आहे की बहुतेकांनी नाव न कळताही तो ऐकलेला असतो. त्याचा वापर म्हणजे चोरी, असं आमच्यात कोणीच मानत नाही.

आता टाइप बीट. साधा_श्रोता म्हणतात तसं ती नक्कलेची पाटी आहे, हे खरं आहे. पण ती पाटी शोधयंत्रासाठी असते. नवख्या रॅपरला "संथ, सी मायनर, बासरीसदृश सिंथ" असं शोधता येत नाही, त्याला "अमक्याच्या गाण्यासारखं" एवढंच म्हणता येतं. बाजारात दुसरी भाषाच नाही. तीस डॉलरचंच उदाहरण घ्या. नेदरलँड्समधल्या यंगकिओ या किशोरवयीन मुलाने नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या २००८ च्या एका वाद्यरचनेतला बँजोचा तुकडा घेऊन बीट केली, ऑनलाइन विकायला ठेवली. रॅपर लिल नॅस एक्सने ती ३० डॉलरला घेतली. तिच्यावरचं 'ओल्ड टाउन रोड' २०१९ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकी क्रमवारीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉस यांना श्रेय मिळालं. त्या बाजारातून निघालेली ही बीट कोणासारखीही नाही. बाजार नक्कल मागतो, पण त्यातून दरवेळी नक्कलच निघते असं नाही.

लयवेडी

@खर्ज, हे सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. दोन वेगांमधला ताण हे इतकं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं.

@साधा_श्रोता, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. उलट त्याहून अवघड उदाहरण मांडते: 'पँडा'.

२०१६ च्या मे महिन्यात डिझायनरचं 'पँडा' हॉट १०० वर पहिलं आलं. डिझायनर ब्रुकलिनचा. बीट ब्रिटनमधल्या मेनेस नावाच्या निर्मात्याची, ऑनलाइन २०० डॉलरला घेतलेली. आणि गाणं ऐकताना भल्याभल्यांना वाटलं की हा अटलांटाचा फ्यूचर आहे. तोच घोगरा, ऑटोट्यूनमधून अर्धवट वितळलेला आवाज, शब्द गिळत जायची तीच पद्धत, ओळीच्या टोकाला मारलेले तसेच हाकारे. आणि फ्यूचर स्वतः? त्या दिवसापर्यंत त्याचं एकही गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलेलं नव्हतं. ते झालं २०२१ मध्ये ड्रेकच्या गाण्यात पाहुणा म्हणून, आणि मुख्य कलाकार म्हणून २०२२ मध्ये.

इथे मी कोणाची बाजू घेते? फ्यूचरची, ठामपणे. ८०८ सामाईक आहे. पण तो आवाज सामाईक नाही. फ्यूचरने डंजन फॅमिली या अटलांटाच्या कलाकार-गटाच्या तळघरातल्या स्टुडिओत, नात्यातला भाऊ असलेल्या निर्माता रिको वेडच्या सावलीत शिकून, अनेक मिक्सटेपमधून (बहुधा फुकट वाटलेले अनौपचारिक अल्बम) तो घडवला. ऑटोट्यून (आवाज सुरात आणणारं सॉफ्टवेअर) तोपर्यंत बहुतेक वेळा आवाज गुळगुळीत करायला वापरलं जायचं. त्याने ते दुखणं ऐकू यावं म्हणून वापरलं. ते कष्ट एका माणसाचे आहेत. आवाजाची ढब उचलणं आणि ड्रम उचलणं या एकाच तराजूत तोलायच्या गोष्टी नाहीत.

रानपाखरू

लयवेडी, इथे मी असहमत आहे, आणि तुमच्याच लेखातल्या मेम्फिसच्या जोरावर.

मिगोस या तिघा रॅपरच्या गटाचं 'व्हर्साची' २०१३ चं, बीट झेटोव्हेनची. एका मात्रेत तीन अक्षरं ठोकत जायची ती लय, आपल्या भाषेत तिस्र जाती. रॅपर ड्रेकने त्याच वर्षी त्या गाण्याचं रिमिक्स केलं आणि नंतर दोन-तीन वर्षं जो तो तिस्रातच बोलू लागला. सगळीकडे नाव पडलं 'मिगोस फ्लो'. पण थ्री सिक्स माफियाचा लॉर्ड इन्फेमस हे १९९० च्या दशकात करत होता, क्लीव्हलंडचे बोन थग्ज-एन-हार्मनी त्याच काळात त्याच्या आसपास वावरत होते. लॉर्ड इन्फेमस डिसेंबर २०१३ मध्ये गेला, म्हणजे त्याची लय दुसऱ्यांच्या नावावर जगभर पसरत होती त्याच वर्षी. मग मिगोस नकलाकार का? मला नाही वाटत. लॉर्ड इन्फेमसच्या तोंडी ती लय मंत्र पुटपुटल्यासारखी येते, एकट्याची. मिगोसने ती तिघांत वाटली. एक ओळ म्हणतो, दुसरा तिच्या शेपटीवर ओरडतो, तिसरा मधल्या फटीत शिरतो. हे हाकारे हीच त्यांची भर.

आपल्याकडे घराण्यात शिष्य आधी गुरूचा आवाज, त्याची लकब, अगदी खोकणंसुद्धा उचलतो असं म्हणतात, आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही, कारण तो अजून वाटेवर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ट्रॅपमध्येही वाट असते. रॅपर यंग थग सुरुवातीला ज्येष्ठ रॅपर लिल वेनच्या छायेत होता, ते त्याने लपवलं नाही. २०१५ च्या मिक्सटेपला आधी वेनच्याच मालिकेचं नाव 'कार्टर ६' दिलं होतं, मग 'बार्टर ६' केलं. आणि त्या मिक्सटेपवर तो वेनसारखा जवळपास नाहीच. किंचाळतो, कुजबुजतो, शब्द सोडून नुसत्या स्वरांवर गाणं पेलतो. नंतर गुन्ना, लिल बेबी त्याच्या छायेत आले.

डिझायनरच्या बाबतीत फरक एवढाच की वाटेवरचा शिष्य गुरूच्या आधी जगभर पोचला. ते अन्यायाचं आहे, पण ते त्याने केलेलं नाही. रेडिओने केलं.

मिणमिणता

रानपाखरू +१. मिगोसच्या हाकाऱ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. हाकारे काढून टाकलेली आवृत्ती कल्पून बघा, अर्धं गाणं जातं.

दस्तऐवज

चर्चा छान चालली आहे. पैशाचा मुद्दा धाग्यात वर आला आणि मागे पडला, म्हणून लिहितो. कायद्याने ट्रॅपच्या बाबतीत नक्की काय ठरवलंय ते बघण्यासारखं आहे.

केटी पेरीचं 'डार्क हॉर्स' २०१३ चं, पॉपमध्ये ट्रॅप आणणाऱ्या गाण्यांपैकी. त्यात मेम्फिसचा जूसी जेही आहे. फ्लेम नावाच्या ख्रिस्ती रॅपरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दावा केला की त्यांच्या २००८ च्या 'जॉयफुल नॉइज'मधली फिरती धून यात उचलली आहे. जुलै २०१९ मध्ये ज्युरीने दावा मान्य केला, भरपाई सुमारे २७.८ लाख डॉलर ठरली. मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला आणि मार्च २०२२ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम ठेवलं.

वाद होता तरी कशावर? आठ सुरांची धून, तिचा गाभा म्हणजे गंधार चारदा, मग रिषभ दोनदा. शिवाय समान लयीत, एकसारख्या अंतराने. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की हे संगीताचे मूळ घटक आहेत, यांची मालकी एकाला दिली तर बाकीच्यांना काम करायला जागा उरणार नाही. ट्रॅपसाठी हा निकाल फार महत्त्वाचा, कारण ट्रॅपच्या धुनी अशाच आखूड असतात. उलट निकाल टिकला असता तर खर्ज यांच्यासारख्यांना रोज वकील गाठावा लागला असता.

पण याची दुसरी बाजू बघा. आरियाना ग्रांडेचं '७ रिंग्ज' २०१९ चं. कडवी जुन्या ब्रॉडवे नाटकातल्या गाण्याच्या चालीवर, म्हणून रॉजर्स आणि हॅमरस्टाइनच्या हक्कधारकांना लेखनाच्या रॉयल्टीपैकी ९० टक्के गेले अशी बातमी होती. त्याच गाण्यातली रॅपची लय आपल्यासारखी आहे असं प्रिन्सेस नोकिया आणि सोल्जा बॉय यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं. चालीला हक्क आहे, शब्दांना हक्क आहे, रेकॉर्डिंगला हक्क आहे. लयीला आणि बोलण्याच्या ढबीला जवळजवळ नाही. आणि ट्रॅपमधली सगळी कल्पकता नेमकी त्या शेवटच्या दोन खात्यांत जमा आहे. कायदा कागदावर लिहिता येणाऱ्या संगीताभोवती घडला, त्याचा फटका या लोकांना बसतो.

खर्ज

दस्तऐवज, ठोक्यांवर आणि ढबीवर हक्क द्यावा, असं तुम्ही सुचवताय का? मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे.

जमैकात एकाच रिद्दिमवर (तयार वाद्यसंगीत) वीस-वीस गायक गाणी करतात, उघडपणे, रिद्दिमचं नाव घेऊन. ते चाललं म्हणून तिथलं डान्सहॉल संगीत जगलं. अटलांटातही मिक्सटेपची संस्कृती तीच होती. दुसऱ्याच्या गाजलेल्या बीटवर आपले शब्द म्हणायचे आणि फुकट वाटायचे. लिल वेनने डीजे ड्रामाबरोबर २००६ मध्ये केलेली मिक्सटेप अशीच, आणि कित्येकांच्या मते ती त्याच्या अधिकृत अल्बमांइतकीच तोलाची आहे. जानेवारी २००७ मध्ये अटलांटात पोलिसांनी ड्रामाच्या स्टुडिओवर छापा घातला, त्याला आणि डॉन कॅननला अटक केली, हजारो सीडी जप्त केल्या. ज्या रेकॉर्ड कंपन्या आपल्या कलाकारांना नाव मिळावं म्हणून हीच गाणी या डीजेंकडे पाठवत होत्या, त्यांच्याच संघटनेच्या मदतीने तो छापा पडला. हक्काचं हत्यार कोणाच्या हातात जातं ते तिथे दिसलं. ठोक्याला मालक मिळाला तर तो मालक लॉर्ड इन्फेमसचं कुटुंब नसेल, एखादी कंपनी असेल.

साधा_श्रोता

खर्ज, तुमची भीती समजते. पण मग मेम्फिसच्या लोकांनी काय करायचं?

फोंक नावाने जे काही गेल्या काही वर्षांत पसरलंय, गाड्यांच्या व्हिडिओंखाली वाजतं ते, त्यातला मोठा भाग मेम्फिसच्या १९९० च्या दशकातल्या कॅसेटवरचे आवाज कापून, घासून, कर्कश काउबेलच्या मागे लावलेला आहे. बनवणारे कुठल्या कुठल्या देशांतले, आणि गाण्याच्या नावात मूळ रॅपरचा पत्ता नाही. त्या कॅसेट लोकांनी घरी रेकॉर्ड करून, गाडीच्या डिकीतून विकल्या होत्या. करार नाहीत, नोंदणी नाही. तिथे तुमची मोकळीक कोणाच्या उपयोगाची? थ्री सिक्स माफियाच्या लोकांनी २०२० मध्ये सुसाइडबॉइज या जोडीवर ६० लाख डॉलरहून मोठा दावा लावला, कारण त्यांच्याकडे वकील होता. ज्यांच्याकडे नव्हता त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

लयवेडी "सामाईक मालमत्ता" म्हणतात तेव्हा मला हेच खुपतं. सामाईक असण्याचा फायदा नेहमी उशिरा आलेल्याला होतो.

लयवेडी

हा धाग्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण एक रेघ ओढता येते आणि ती ओढते.

ठोका घेणं, लय घेणं, हाय-हॅटची फोड घेणं: मोकळं. इथे मी खर्ज यांच्या बाजूने. रेकॉर्ड केलेला मूळ आवाज कापून घेणं: ते वेगळं. तो माणसाचा गळा आहे, त्या दिवशी त्या खोलीत निघालेला. तिथे नाव आणि पैसे दिलेच पाहिजेत, आणि कायदाही तेच म्हणतो, फक्त पोचत नाही. बाउअर या निर्मात्याचं 'हार्लेम शेक' २०१३ मध्ये हॉट १०० वर पहिलं आलं तेव्हा त्यातले दोन्ही बोललेले तुकडे परवानगीशिवाय घेतलेले होते. ते ज्यांचे होते त्यांना आपला आवाज त्यात असल्याचं गाणं गाजल्यावर कळलं. इलेक्ट्रॉनिक ट्रॅपच्या त्या लाटेबद्दल मला एरवीही फारसं प्रेम नाही. तिने ड्रम घेतले, माणसं टाकून दिली. रॅपर काढून टाकला की ट्रॅप म्हणजे नुसती उसळी उरते.

आवाजाची ढब या दोन्हींच्या मधे येते. रानपाखरू यांचा शिष्याचा मुद्दा मला बराच पटतो, पण घराण्यात शिष्य गुरूचं नाव घेऊनच बसतो. 'पँडा'मध्ये फ्यूचरचं नाव कुठे होतं?

रानपाखरू

नाव घेण्याचा मुद्दा मान्य. यंग थगने घेतलं, मिगोसने मेम्फिसचं पुरेसं घेतलं नाही.

मिणमिणता

आणि यंत्राने केलेल्या आवाजाचं काय? एप्रिल २०२३ मध्ये घोस्टरायटर नावाने कोणीतरी ड्रेक आणि द वीकेंड यांच्या कृत्रिम आवाजातलं गाणं टाकलं. युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीने ते उतरवायला लावेपर्यंत लाखोंनी ऐकलं होतं. लयवेडी म्हणतात आवाज हीच मौलिकतेची शेवटची जागा. ती जागाही आता उचलता येते.

खर्ज

मी ते ऐकलंय. स्वराचा पोत जमलाय, पण ओळ कुठे मोडायची, श्वास कुठे चोरायचा हे आत बसलेल्या माणसाने ठरवलेलं आहे. म्हणजे तिथेही एक माणूस दुसऱ्याची नक्कल करतोय, यंत्राने त्याला मुखवटा दिला. माझ्या दृष्टीने हे डिझायनरच्याच प्रश्नाचं टोक आहे, आणि तिथे मी लयवेडींच्या बाजूला जातो. ढबीवर कायदा नको, पण एका माणसाचा ओळखू येणारा गळा हा त्याचाच राहिला पाहिजे.

एक गोष्ट अजून. हल्ली धून एक जण करतो, ड्रम दुसरा. क्युबीट्स ही जर्मनीतली जुळ्या भावांची जोडी अशा धुनी करून अमेरिकेतल्या निर्मात्यांना पाठवते, मोठमोठ्या गाण्यांत त्या आहेत, ट्रॅव्हिस स्कॉटच्या 'सिको मोड'मध्येही. त्यांना श्रेय मिळतं कारण त्यांचं नाव झालंय. नवख्या लूपवाल्याचं (अशी फिरती धून पाठवणाऱ्याचं) नाव अजूनही सर्रास गळतं. मौलिकतेवर बोलणाऱ्यांनी आधी श्रेयनामावली उघडून बघावी, तिथे रोजची चोरी चालते आणि ती थांबवणं शक्य आहे. फाइल पाठवतानाच टक्केवारी लिहून घ्यायची, हा साधा उपाय आहे. मी आता लेखी ठरल्याशिवाय लूप पाठवत नाही.

दस्तऐवज

खर्ज, हे नव्या मुलांना कोणीतरी ठळक अक्षरांत सांगायला हवं. माझ्या वरच्या प्रतिसादाबद्दल स्पष्ट करतो: ठोक्यावर मालकी हवी असं मला म्हणायचं नव्हतं. लेखनाचं श्रेय वाटताना लय घडवणाऱ्याला धरलं पाहिजे, एवढंच. ते करारात बसतं, त्याला नवा कायदा लागत नाही.

साधा_श्रोता

लयवेडी, तुम्ही लुगर आणि झेटोव्हेन लागोपाठ ऐका म्हणालात, ते ऐकले. फरक कळतो, मान्य. नक्कल आणि भर यातला फरक कानाला कळावा यासाठी अजून काही जोड्या सुचवाल का? कोरी माहिती नको, काय ऐकायचं ते सांगा.

लयवेडी

नक्की. पहिली जोडी थ्री सिक्स माफियाचा 'मिस्टिक स्टाइल्झ' आणि मिगोसचं 'व्हर्साची'. तिस्रातल्या ओळीच्या शेवटच्या अक्षरानंतर काय येतं तिकडे लक्ष द्या: मेम्फिसमध्ये तिथे पोकळी आहे आणि मागची अंधारी धून वर येते, मिगोसमध्ये तिथे दुसरा माणूस आहे. दुसरी, फ्यूचरचं २०१५ चं कुठलंही गाणं आणि 'पँडा'. दोन्हींत शब्द गिळलेले आहेत, पण फ्यूचर गिळतो ते कडव्याच्या शेवटी, जिथे वाक्य बोलवत नाही तिथे. डिझायनर पहिल्या ओळीपासून गिळतो, ती त्याची सजावट आहे. तिसरी जोडी लुगरचीच: 'हार्ड इन द पेंट' आणि 'बी. एम. एफ.'. एकाच माणसाने एकाच वर्षी केलेली, आणि दुसरं पहिल्याचं भावंड वाटतं. स्वतःची नक्कल कुठे सुरू होते ते ज्याने त्याने ठरवावं, माझ्या मते दोन्ही खरी आहेत, घसरण नंतरच्या वर्षात आहे.

ऐकताना जमलं तर ड्रम बाजूला काढा, हल्लीची साधी सॉफ्टवेअरसुद्धा गाण्यातून ड्रमची पट्टी वेगळी करून देतात. आवाज आणि धून एवढंच उरलं की कोणी काय घेतलंय ते पहिल्याच कडव्यात कळतं. 'पँडा'च्या बाबतीत तुमचं मत त्यानंतर काय होतं ते इथे नक्की लिहा, रानपाखरू आणि माझ्यात ते अजून मिटलेलं नाही.